गुस्ताव काचवाला

मार्च संपत आला की आमच्या कॅरी गावात सगळं पिवळं होतं. हळदीकुंकवाचं तबक कुणी वरून पालथं केल्यासारखं. पाइनच्या झाडांचे पराग. गाड्या, डेक, टपालाच्या पेट्या, कुत्र्यांची नाकं, काही सुटत नाही. काळी गाडी घेतली काय आणि पांढरी घेतली काय, या तीन आठवड्यांत नॉर्थ कॅरोलायनात सगळ्यांच्या गाड्या एकाच रंगाच्या. शिंकत शिंकत लोक हसतात आणि एकमेकांना विचारतात, गाडी धुतलीस का? धुवायची नसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दहा-बारा दिवसांपूर्वी सकाळी ऑफिसला जायला बाहेर आलो, तर माझ्या बॉनेटवरच्या परागांत बोटाने लिहिलेलं होतं, 'ओम्स्क'. देवनागरीत. त्याखाली 'तोम्स्क' आणि त्याखाली एक प्रश्नचिन्ह.

हे काम अन्वीचं. अन्वी दहा वर्षांची, समोरच्या देशपांड्यांची मुलगी. तिला यंदा शाळेच्या भूगोल स्पर्धेतून पुढच्या फेरीत निवडलंय आणि तिच्या वाट्याला रशियाचा नकाशा डोंगरासारखा उभा आहे. मी किल्ली हातात धरून त्या पिवळ्या अक्षरांकडे बघत उभा राहिलो. भीती वाटली की आनंद झाला, मला ठरवता येईना. कारण अशाच पिवळ्या दिवसांत, अठरा वर्षांपूर्वी, आमच्या घरातही ओम्स्क आणि तोम्स्क जेवणाच्या टेबलावर बसलेले असायचे.

मी फार बोलणारा माणूस नाही. आमची शुभा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "हेमंतकडून काही काढायचं म्हणजे नारळ सोलण्यासारखं आहे, हात दुखतात आणि आत पाणी असेलच असं नाही." पण हे आता सांगायचं ठरवलंय. जिला सांगायचं होतं तिला सांगून झालंय, म्हणून इथे लिहायलाही धीर आला.

आमची मुलगी रेवा तेव्हा दहा वर्षांची होती. त्या काळात (आणि आताही) इथल्या देशी घरांत मुलं चौथीत गेली की आईवडील कोच होतात. कुणी स्पेलिंगचं, कुणी गणिताचं. माझ्याकडे भूगोल आला. मी मूळचा इचलकरंजीचा. गावाला एक धंदा असतो आणि धंद्याचा आवाज असतो, हे मला मागांच्या खडखडाटात झोपून शिकायला मिळालेलं. त्यामुळे रशियाचा नकाशा उघडला तेव्हा मला तो अजिबात परका वाटला नाही. इवानोवो म्हणजे कापडाचं गाव, नुसत्या गिरण्या आणि गिरण्यांत बायका, ही तर त्यांची इचलकरंजीच. मॅग्निटोगोर्स्क म्हणजे लोहचुंबकाच्या डोंगराशेजारचं पोलादाचं गाव. अर्खांगेल्स्कला लाकूड आणि देवदूताचं नाव. ओर्योल म्हणजे चक्क गरुड. येकातेरिनबुर्ग हे पीटर राजाच्या बायकोच्या नावाचं, जिची लोक पुढच्या मोठ्या कॅथरीनशी हमखास गल्लत करतात. आणि तोल्याती हे व्होल्गाकाठचं गाव, तिथे मोटारी बनतात आणि नाव इटलीतल्या एका पुढाऱ्याचं. रशियातलं मोटारींचं गाव आणि नाव इटालियन. हे खरं आहे, हे पहिल्यांदा मीच दोनदा तपासलं होतं.

मी कार्डं केली. एकशे ऐंशी. प्रत्येक गावाला एक कार्ड आणि प्रत्येक कार्डावर तीन ओळी: नाव कशावरून, काय बनतं, नदी कोणती. शुभा रविवारची मराठी शाळा चालवायची, तिने अट घातली की कार्डं देवनागरीत हवीत, म्हणजे एका कामात दोन कामं. त्याचा परिणाम असा झाला की आमच्या मुलीला 'पोलाद', 'ताग' आणि 'निकेलची खाण' मराठीत वाचता यायचं, पण 'फोडणी' समोर आली की ती अडखळायची.

त्या जानेवारीत बर्फाचं वादळ आलं. बर्फ कसलं, गारठलेला पाऊस, प्रत्येक काडीवर काचेचा लेप. टीव्हीवर अंदाज सांगितला की इथले लोक दुकानातला सगळा ब्रेड आणि सगळं दूध उचलतात. आम्हाला उरला तो फक्त नारळाच्या दुधाचा डबा. दोन दिवस वीज नव्हती. पाइनच्या फांद्या बंदुकीसारख्या फटाफट मोडत होत्या. शुभाने डेकवरच्या ग्रिलवर, डोक्याला मफलर बांधून, मुगाची खिचडी केली आणि आम्ही तिघं गॅसच्या शेकोटीपुढे एका रजईत बसून कार्डं खेळलो. बाहेर सैबेरिया, आत सैबेरिया. रेवा खिचडीचा चमचा माइकसारखा धरून विचारायची, "मिस्टर बाबा, फॉर द विन, व्होलोग्दा काय बनवते?"

"लोणी."

"अँड व्हाय इज इट कॉल्ड व्होलोग्दा?"

इथे गोष्ट सुरू होते. मला माहीत नव्हतं.

इंटरनेट होतं, म्हणजे ती सबब नाही. वीज गेली होती ही सबब फक्त त्या दोन दिवसांची. खरं कारण इतकंच की शनिवार-रविवारात साठ कार्डं पुरी करायची असा माझा हिशेब असायचा, आणि वरची ओळ रिकामी राहिलेलं कार्ड मला बघवत नसे. शिवाय रेवा माझ्याकडे बघत होती. दहा वर्षांच्या मुलीने आपल्याकडे असं बघितलं, की 'माहीत नाही' म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. मी म्हणालो, "तिथे संध्याकाळी गायींना हाक मारायचे. व्होलोऽऽग्दा. म्हणून गावाला ते नाव पडलं."

तिला ते इतकं आवडलं की ती शेकोटीपुढे उठून हाका मारायला लागली.

मग मी सोकावलो. चेल्याबिन्स्कला चेल्याबा नावाचा लोहार दिला. नोरिल्स्कला निकेल शोधणारं म्हातारं अस्वल. तूलाला चहाचं पाणी उकळायचा पहिला समोवार घडवणारी एक विधवा. अशी चौदा गावं. बाकीची एकशे सहासष्ट सरळ, तपासलेली, पुस्तकातली. चौदा मात्र माझी. मला ती सगळी आजही पाठ आहेत, खरी विसरलो.

त्या चौदांतलं सगळ्यात सुंदर म्हणजे गुस-ख्रुस्ताल्नी. मॉस्कोच्या पूर्वेचं छोटं गाव. काचेचं, क्रिस्टलचं गाव. 'ख्रुस्ताल' म्हणजे क्रिस्टल, इतकं मला ठाऊक होतं. 'गुस' काय ते ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, गुस्ताव नावाचा जर्मन काचवाला बर्फातून चालत तिथे आला. त्याने फुंकून इतका पातळ पेला केला की राजाने त्यात चहा ओतला तेव्हा चहा नुसताच हवेत उभा आहे असं वाटलं. लोक त्याला लाडाने गुस म्हणायचे.

रेवाने विचारलं, "त्याला मुलं होती?"

"एक मुलगी."

"ती काय करायची?"

"ती पेले मोजायची. आणि एकही फोडायची नाही."

मी आता हे लिहितानाही, खरं सांगतो, मला तो गुस्ताव दिसतो. खोटं बोलण्याची हीच अडचण. चांगलं जमलं की आपल्यालाच त्याचा लळा लागतो.

राज्यपातळीची फेरी मार्चअखेर शार्लटला होती. आमची जुनी निळी कॅम्री पिवळी होऊन तिथे पोचली. शेवटच्या दहा मुलांत रेवा होती. निळा फ्रॉक, छातीवर नंबर, दोन वेण्या. परीक्षक एक प्रेमळ, जाड चष्म्याचे गृहस्थ. त्यांनी विचारलं: रशियातलं एक गाव काचकामासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या नावात कोणत्या पक्ष्याचं नाव आहे?

रेवाचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "गुस-ख्रुस्ताल्नी. बट सर, इट्स नॉट अ बर्ड. ही वॉज अ मॅन."

सभागृहात हलकं हसू उमटलं. परीक्षक म्हणाले, नीट विचार कर, पक्षी कोणता? रेवा म्हणाली, "हिज नेम वॉज गुस्ताव. ही वॉक्ड इन द स्नो." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती नम्रपणे, पण अजिबात न डगमगता म्हणाली, "सर, आय थिंक युवर कार्ड इज रॉंग."

गूज. उत्तर होतं गूज. बदकाहून मोठा, हंसाहून तिरसट असा तो पक्षी. रशियन भाषेत गूजला 'गुस' म्हणतात, नदीचं नाव गुस आणि नदीवरून गावाचं. क्रिस्टलचा गूज. इतकं वेडगळ नाव की मी स्वतः शोधूनही बनवू शकलो नसतो.

ती सहावी आली. परतीच्या रस्त्यावर, हाय पॉइंटच्या अलीकडे, ती मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, मी चुकीचं लक्षात ठेवलं का? आपल्या कार्डावर गूज होतं?"

मला फक्त 'नाही' एवढा एक शब्द बोलायचा होता. शुभा बाजूला झोपली होती, रस्ता सरळ होता, वायपर पराग इकडून तिकडे सारत होते. मी म्हणालो, "हो गं. होतो असा घोळ कधीकधी."

"सॉरी बाबा," ती म्हणाली.

इथवर कुणी म्हणेल, एका बापाची थाप, विसरून जा. पण मी पुढे जे केलं ते मी अठरा वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं. घरी पोचताच ती आंघोळीला गेली, तेवढ्यात मी ते कार्ड पेटीतून काढलं आणि दुसरं लिहिलं. त्याच काळ्या पेनाने. नाव कशावरून: गूज पक्ष्याच्या नावाची नदी. नवं कार्ड नवं दिसत होतं, म्हणून त्याचे कोपरे जीन्सवर घासले. वर थोडा चहाचा डाग दिला. रेवाने केस पुसत येऊन पेटी उघडली, ते कार्ड शोधलं, वाचलं, आणि परत ठेवलं.

पुढच्या वर्षी ती स्पर्धेला बसली नाही. "आय मिक्स थिंग्ज अप," असं ती तेव्हापासून म्हणायला लागली. हसत म्हणायची. मित्रमैत्रिणींत म्हणायची, डॉक्टरकडे म्हणायची, कॉलेजच्या फॉर्मवर गाव लिहितानाही आईला फोन करून विचारायची. सगळं दोनदा तपासायचं, तिसऱ्यांदा कुणाला तरी विचारायचं. आज ती अठ्ठावीसची आहे आणि काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसात काम करते, कामही असं: नव्या वस्त्यांच्या रस्त्यांना बिल्डरने सुचवलेली नावं तपासायची. तेच नाव दुसरीकडे नाही ना, ॲम्ब्युलन्स चुकीच्या दाराशी जाणार नाही ना. तिच्या ऑफिसात सगळे म्हणतात की तिची चूक कधी निघत नाही. ती म्हणते, "बिकॉज आय नो मी चुकते."

हे वाक्य ऐकलं की मी उठून पाणी प्यायला जायचो. आणि माझ्या ऑफिसच्या तळ्यावर साठ-सत्तर कॅनडा गूज आहेत. वसंतात त्यांना पिल्लं होतात, मग ते पार्किंगच्या रस्त्यात आडवे उभे राहून माझ्यावर फिसकारतात. इतरांवरही फिसकारत असतील. मी मात्र अठरा वसंत ते स्वतःवर घेतलं.

तर त्या सकाळी बॉनेटवर ओम्स्क उमटलं. संध्याकाळी कळलं की रेवाच दर रविवारी येऊन अन्वीला शिकवणार आहे. "आपली कार्डं आहेत ना अजून?" तिने फोनवर विचारलं. "गॅरेजमध्ये बुटांच्या खोक्यात. आई म्हणाली."

आता मात्र पंचाईत होती. गप्प बसलो तर चेल्याबा लोहार आणि ते म्हातारं अस्वल अजून एका दहा वर्षांच्या मुलीबरोबर स्टेजवर जाणार. आधीच गुपचूप तेरा कार्डं बदलावीत, हा विचार मनात आला, हेही कबूल करतो. पेनसुद्धा शोधलं. मग त्या पेनाकडे बघून मला माझीच किळस आली.

गुस्तावचं जुनं कार्ड मी फेकलं नव्हतं. ते वॉटर हीटरच्या वॉरंटीच्या फाइलमध्ये होतं. आमच्या घरात ती फाइल कुणी उघडत नाही.

रविवारी दुपारी रेवा आली. अन्वी तीन वाजता येणार होती. शुभा थालीपीठ लावत होती. मी टेबलावर दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणालो, "रेवा, तुझ्या लक्षात बरोबर होतं. हे खरं कार्ड. ते दुसरं मी नंतर लिहिलं."

तिने दोन्ही वाचली. तव्यावर थालीपीठ करपायला लागलं तरी शुभा हलली नाही.

"नंतर म्हणजे कधी?"

"त्याच दिवशी. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा."

"आणि हा चहा?"

"मी लावला."

"यू एज्ड इट," ती हळूच म्हणाली. "बाबा, तू ते कार्ड मुद्दाम जुनं केलंस." मग तिने त्या डागावरून अंगठा फिरवला. "गुस्ताव तू बनवलास, फाइन. ते मला चालेल. पण मी विचारलं होतं तुला गाडीत. मी सॉरी म्हटलं होतं."

"हो."

"तू घेतलंस ते सॉरी."

मी मान हलवली. याहून खरं वाक्य माझ्याबद्दल कुणी उच्चारलेलं नाही. तिने जुनं कार्ड पर्समध्ये ठेवलं, आणि अन्वीला 'पुढच्या रविवारी' असा मेसेज करून निघून गेली. गाडीच्या काचेवरचे पराग न पुसताच.

शुभाने करपलेलं थालीपीठ माझ्या पानात वाढलं. "हे तुझं," म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तरी मला वाटायचंच, त्या अस्वलाची काहीतरी गडबड आहे."

बुधवारी रेवाचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही. "मी आज कामावर एक लिस्ट फक्त एकदाच तपासली," ती म्हणाली. "बरोबर होती." पलीकडे ती हसतेय की काय ते मला नीट कळेना. "आणि पुन्हापुन्हा तपासायची सवय तुझ्यामुळे लागली असं समजून रडत बसू नकोस. एवढं क्रेडिट तुला नाही देणार. थोडी मी पण आईसारखी आहे." मग आवाज बदलून, "आय एम स्टिल मॅड, ओके?"

"ओके."

"संडेला तू बसायचं. अन्वीपुढे. चौदाही गावं तू स्वतः सांगायची."

आणि मी बसलो. काल. अन्वी पाय हलवत समोर, रेवा तिच्या बाजूला लाल पेन घेऊन. एकेक कार्ड उचलायचं आणि म्हणायचं, हे खोटं आहे. व्होलोग्दाला गायींची हाक नव्हती. तिथल्या जुन्या भाषेत बहुधा 'पांढरं' असा अर्थ होता. चेल्याबिन्स्कवर जाणकारांचं एकमत नाही. तूलाबद्दल नुसते तर्क.

"मग काका, तुम्ही स्टोरीज का मेक अप केल्या?" अन्वीने विचारलं.

"माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली."

तिने विचार केला. "इंग्लिशमध्ये 'आय डोन्ट नो', तीन वर्ड्स आहेत. मराठीत तर दोनच."

रेवा खिडकीबाहेर बघत होती, पण हसण्याने तिचे खांदे हलत होते. शुभाने आतून आवाज दिला, "रेवा, एखाद्या नव्या रस्त्याला बापाचं नाव दे गं. डेड एंड बघून दे."

नोरिल्स्कच्या कार्डावर मी अस्वल खोडलं आणि लिहिलं: नोरिल्का नदीवरून, नदीचं नाव कशावरून, नक्की माहीत नाही. लिहिताना हात जरा थांबला, पण आभाळ कोसळलं नाही. निकेल होतं तिथेच राहिलं.

"आणि गुस्ताव?" अन्वी म्हणाली. तिला त्याच्याबद्दल रेवाने आधीच सांगितलेलं दिसत होतं. "त्याला फेकायचं का? ही हॅज अ डॉटर."

मी रेवाकडे पाहिलं. तिने कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यातून एक घेतलं आणि लिहायला लागली. तिचं देवनागरी अजून तसंच आहे, अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी. लिहून झाल्यावर तिने कार्ड मला दिलं आणि अन्वीला घेऊन बाहेर गेली. दोघी माझ्या बॉनेटवर पुसट झालेल्या ओम्स्कच्या बाजूला काहीतरी लांब मानेचं काढत होत्या.

एकशे एक्क्याऐंशीवं कार्ड. वर गावाचं नाव, कॅरी.

नाव कशावरून: ओहायोच्या एका दारूबंदीवाल्या पुढाऱ्याच्या नावावरून.

काय बनतं: गुस्ताव.

नदी कोणती: नाही. तळं आहे. त्यात गूज आहेत.

या गावात मी एकवीस वर्षं राहतो आणि पहिली ओळ मला माहीत नव्हती, हे मी तिला तसं सांगितलं. मग आत जाऊन तिन्ही उत्तरं तपासली. बरोबर आहेत.